अंगडे, कुंची आणि चीट : बालवस्त्रांवरील नक्षीविषयी

बाळाच्या पहिल्या वस्त्रांची मराठी नावे एकत्र मांडली असता एक गोष्ट ध्यानात येते. अंगडे, टोपडे, दुपटे, झबले, लाळेरे ही सारी नावे नपुंसकलिंगी आहेत. 'मूल' हा शब्दही तसाच. 'अंग'पासून अंगडे व 'टोपी'पासून टोपडे साधताना येणारा -ड- हा प्रत्यय अपभ्रंशापासून चालत आलेला असून येथे तो लघुत्व व लाडिकपणा दर्शवितो. या पंक्तीबाहेरचे ठळक नाव म्हणजे कुंची. ते स्त्रीलिंगी आहे.

कुंची वेगळी ठरते ती केवळ लिंगाने नव्हे. अंगास भिडणारे अंगडे-दुपटे जुनेराचे, म्हणजे धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचे असे, आणि त्यावर सहसा नक्षी नसे. जर, गोंडे, खणाचे भरजरी काठ हे सारे कुंचीच्या वाट्यास येई. कारण ती सर्वांत वर, आणि आत मऊ अस्तर. अलंकरण बाहेर व मऊपणा आत, ही विभागणी हाच जुन्या बालवस्त्रांचा खरा नियम होय.

छापील कापडास मराठीत चीट म्हणत. हा शब्द कोणी संस्कृत 'चित्र'शी जोडतात, कोणी हिंदी 'छींटना'शी. शिंतडल्यासारखी दिसणारी बारीक बुट्टी डोळ्यांपुढे आणली, तर दुसरी उपपत्ती अर्थदृष्ट्या अधिक पटते. सतराव्या शतकात हाच शब्द इंग्रजीत गेला. 'चिंट्झ' हे तेथील मूळ अनेकवचन. पुढे ते एकवचन समजले गेले.

पनवेल हे खाडीकाठचे जुने व्यापारी गाव. १८५२ मध्ये तेथे नगरपालिका आली, २०१६ मध्ये महानगरपालिका झाली. अशा गावांतील घरांतून नक्षीचा हौशी प्रयोग होतो तो बोरन्हाणाच्या निमित्ताने. संक्रांत ते रथसप्तमी या काळात बाळास काळे झबले घालून हलव्याचे दागिने चढवितात. हलवा कापडावरच टाचला तर दमट हवेत पाझरून चिकटतो; म्हणून पांढऱ्या छपाईचे वा टिकल्यांचे तयार झबले पुढे आले. येथे मात्र जुनी विभागणी मोडते. टिकल्यांच्या दोऱ्याच्या गाठी उलट बाजूने कातडीस लागतात, आणि सुटलेली टिकली तोंडात जाण्यास वेळ लागत नाही. मलमलीचे अस्तर व कडेपासून दूर, पाठीवर घेतलेले भरतकाम हा त्यावर साधा उपाय. छपाईपुरते पाहता बारीक बुट्टीच बरी. मोठी वेल मुंढ्याच्या कापात तुटते. रंगही पारखावा लागतो : बेंझिडीनजन्य व अन्य काही अझो रंगांवर भारतात १९९० नंतरच्या दशकात बंदी आली, ती अपायाच्या कारणानेच.

आता 'चीट' बोलण्यातून जवळजवळ गेला आणि 'प्रिंट' रूढ झाला. तो कोणी स्त्रीलिंगी, कोणी नपुंसकलिंगी वापरतो. 'फ्रॉक' मात्र निःशंकपणे पुल्लिंगी झाला आहे.