तोंडचं पाणी का पळालं?

बालमित्रांनो, मुरूडचा जंजिरा तुमच्यापैकी कितीजणांनी पाहिलाय? राजापुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसायचं आणि भर समुद्रातल्या त्या किल्ल्यात शिरायचं. केवढी मजा! चारी बाजूंना पाणीच पाणी, पण सगळं खारट. एक घोट पिता येणार नाही. आणि आत पाहावं तर गोड्या पाण्याची दोन मोठी तळी! ही तळी होती म्हणून त्या किल्ल्यात माणसं राहू शकली.

आपल्या तोंडातसुद्धा असंच एक गोड्या पाण्याचं तळं आहे. त्याचं नाव लाळ. नाक मुरडू नका! हे तळं आटलं की काय होतं, ते सांगण्यासाठीच आजचा लेख आहे.

अशाच एका जंजिऱ्याच्या सहलीची गोष्ट. मुलगी सातवीतली. नाव काही सांगत नाही, कारण ती तुमच्याही वर्गात असेल. पहाटे पाचला उठून, कसेबसे दात घासून ती गाडीत बसली. "वाटेत गाडी थांबणार नाही, कोणी जास्त पाणी पिऊ नका," असं आधीच बजावलेलं. त्यात सर्दीनं नाक चोंदलेलं, म्हणून श्वास तोंडानंच चाललेला. होडीत ती मैत्रिणीच्या कानात काहीतरी सांगायला वाकली, तर मैत्रीण पटकन मागे सरकली. म्हणाली, "ए, तुझ्या तोंडाला वास येतोय!" आजूबाजूच्या चारजणी हसल्या.

झालं! त्या दिवसापासून ही मुलगी तोंडावर हात धरून बोलायला लागली. वर्गात उत्तर येत असूनही हात वर करेना. वक्तृत्व स्पर्धेतलं नावही तिनं काढून घेतलं.

आता सांगा, चूक कोणाची? तिची नाही, मैत्रिणीचीही फारशी नाही. या सगळ्यामागे होतं ते आटलेलं तळं.

लाळ काय करते?

आपल्या तोंडात लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात. एक कानाच्या पुढे गालात, एक खालच्या जबड्याखाली आणि एक जिभेखाली. गालगुंड झाल्यावर फुगते ती यातलीच गालातली ग्रंथी. शिवाय ओठांत, गालांत, टाळूवर शेकडो बारीक ग्रंथी असतात त्या वेगळ्याच. मोठ्या माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. म्हणजे शाळेत नेता ती पाण्याची बाटली भरेल एवढी!

ही लाळ दिवसभर तोंड धूत असते. अन्नाचे कण वाहून नेते, दातांवरचं आम्ल कमी करते, जंतूंची वाढ रोखते. एक गंमत करून पाहा. तांदळाच्या भाकरीचा एक तुकडा तोंडात घ्या आणि न गिळता एक-दोन मिनिटं सावकाश चावत राहा. भाकरी हळूहळू गोड लागायला लागेल. लाळेतलं अमायलेज नावाचं विकर पिठातल्या स्टार्चची साखर करतं, त्याची ही करामत.

आपल्या मराठी भाषेला लाळेचं सगळं गुपित ठाऊक आहे. चिंच पाहिली की 'तोंडाला पाणी सुटतं' आणि वाघ दिसला की 'तोंडचं पाणी पळतं'! पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञानं कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवून दिलं, की अन्न तोंडात पडायच्या आधी, नुसत्या खुणेनंसुद्धा लाळ सुटते. पचनावरच्या संशोधनासाठी त्याला १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळालं होतं. याच्या उलट, भीती वाटली की लाळ आटते. भाषणाला उभं राहिल्यावर घशाला कोरड पडते ना, ती यामुळेच. जुन्या काळी संशयिताला कोरडे तांदूळ चावायला देत, असं सांगतात. ज्याचे तांदूळ कोरडे राहतील तो चोर! अर्थात ही काही खरी परीक्षा नव्हे. बिचारा निर्दोष माणूससुद्धा घाबरला तर त्याचं तोंड कोरडं पडणारच.

मग वास कुठून येतो?

पुष्कळांना वाटतं, पोट बिघडलं की तोंडाला वास येतो. पण बहुतेक वेळा वासाचं मूळ पोटात नसून तोंडातच असतं. जिभेच्या मागच्या भागावर, दातांच्या फटीत आणि हिरड्यांच्या कडेला जंतू राहतात. अडकलेल्या अन्नावर आणि तोंडातल्या मेलेल्या पेशींवर ते ताव मारतात आणि त्यातून गंधकाचे वायू सोडतात. सडक्या अंड्याचा वास ज्या हायड्रोजन सल्फाइडचा, तोच यातला एक.

आपण झोपलो की लाळेचा झरा जवळजवळ थांबतो. म्हणून सकाळी उठल्यावर राजापासून रंकापर्यंत प्रत्येकाच्या तोंडाला वास येतो. यात लाजण्यासारखं काहीच नाही. चोंदलेल्या नाकामुळे तोंडानं श्वास घेतला, पाणी कमी प्यायलं, सकाळपासून काही खाल्लं नाही, किंवा सर्दीची काही औषधं घेतली तरी तोंड कोरडं पडतं. आपल्या मुलीच्या बाबतीत यातलं बरंच काही एकाच दिवशी जमून आलं होतं!

आता कोणी म्हणेल, अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचं काय? तो गोड, म्हणून कच्चाच खाल्ला जातो. पण गोड असला तरी कांदाच तो! कांदा-लसणातले गंधकाचे काही पदार्थ पोटातून रक्तात आणि रक्तातून फुप्फुसात जातात, मग श्वासावाटे बाहेर पडतात. म्हणून दात घासूनही हा वास लगेच जात नाही. काही तासांनी तो आपोआप जातो. तो काही आजार नव्हे. कांदा खुशाल खा, फक्त स्पर्धेच्या सकाळी नको!

वास झाकायचा की घालवायचा?

आता गोष्टीतला खरा धोका ऐका. घरी आल्यावर मुलगी आरशासमोर तोंड उघडून बघत बसली होती. आजीनं विचारलं, "काय झालं गो?" तिनं सगळं सांगितलं. आजीनं मायेनं कनवटीची डबी काढली. "हे घे, चिमूटभर दातांना लाव. वास पळतो बघ. आम्ही लहानपणापासून लावतो."

डबीत होती मशेरी. मशेरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. आपल्या कोकणातच काय, महाराष्ट्रभर कितीतरी आज्या, माम्या, काकू तिनं दात घासतात. त्यांना लहानपणी कोणी सांगितलंच नाही, की हा तंबाखू आहे, त्यात निकोटीन असतं आणि त्याची चटक लागते. एकदाची दोनदा आणि दोनदाची चारदा कधी होते, कळतही नाही. तंबाखूनं हिरड्या खराब होतात, तोंडाला उलट जास्तच वास येतो आणि तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. टूथपेस्टमध्ये आणि दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ सालीच बंदी झाली. पण घरी तव्यावर भाजलेल्या मशेरीला कोण अडवणार?

दुसऱ्या दिवशी एका मैत्रिणीनं वेगळाच उपाय सांगितला. "गोड सुगंधी सुपारीची पुडी मिळते, तोंडात टाकली की मस्त वास येतो!"

सुपारी हे तर आपल्या किनाऱ्याचं वैभव. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. नारळांच्या सोबतीनं उभ्या असलेल्या पोफळींवर इथली कितीतरी घरं चालतात. पूजेत सुपारीला गणपतीचा मान असतो. तो मान तिला जरूर द्यावा, पण रोज चघळायची वस्तू ती नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ सालच्या अहवालात नुसत्या सुपारीलासुद्धा, म्हणजे तंबाखू नसलेल्या सुपारीलाही, कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलं आहे. सतत सुपारी चघळणाऱ्यांच्या गालाची आतली कातडी हळूहळू ताठ होते, तिखट खाल्लं की आग होते आणि तोंड उघडेनासं होतं. या दुखण्याला 'सबम्यूकस फायब्रोसिस' म्हणतात. ते शाळकरी मुलांनाही होऊ शकतं आणि एकदा ताठ झालेली कातडी पुन्हा पूर्वीसारखी होणं फार अवघड असतं. महाराष्ट्रात गुटख्यावर आणि पानमसाल्यावर २०१२ साली बंदी आली, ती काही उगाच नाही.

आत्ता एक परीक्षा घ्या. आपल्याच हाताची तीन बोटं जुळवून, एकावर एक अशी उभी धरून समोरच्या दातांमध्ये जातात का पाहा. सहज गेली तर छान. जात नसतील तर घरी सांगा आणि दातांच्या डॉक्टरांना दाखवा.

मित्रांनो, वास झाकणं वेगळं आणि वास घालवणं वेगळं. कचऱ्याच्या डब्यावर अत्तर शिंपडलं म्हणून कचरा जातो का?

साधे, स्वस्त आणि खरे उपाय

पहिला उपाय पाण्याचा. आपल्याकडची हवा दमट, घाम भरपूर येतो. बाटली भरून न्यायची आणि ती रिकामी करून आणायची. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय असं समजा. सहलीला जातानासुद्धा थोडं थोडं पाणी पीत राहावं. पुष्कळ मुली शाळेतल्या स्वच्छतागृहाची अवस्था पाहून दिवसभर पाणीच पीत नाहीत. असं असेल तर बाईंना किंवा आईला स्पष्ट सांगा. यात लाज कसली? केरळातल्या शाळांत २०१९ साली मुलांना पाणी प्यायची आठवण करून देणारी खास घंटा सुरू झाली. आपल्या वर्गातही असा नियम करता येईल की!

दुसरा उपाय ब्रशचा. सकाळी आणि रात्री झोपताना, दोन-दोन मिनिटं, फ्लोराइड असलेली पेस्ट घेऊन दात घासा. एक वेळ घाई झालीच तर सकाळी होऊ द्या, पण रात्रीचं घासणं चुकवू नका. रात्री लाळेचा पहारा नसतो आणि जंतूंना रान मोकळं मिळतं.

तिसरा उपाय जिभेचा. जीभ मागून पुढे हलक्या हातानं साफ करा. हा उपाय कालचा नाही. चरकसंहितेत सोनं, चांदी, तांबं अशा धातूंच्या, धार नसलेल्या आणि वाकवलेल्या जीभ घासण्याच्या पट्ट्या सांगितल्या आहेत. जिभेच्या मुळाशी साचलेल्या मळानं दुर्गंधी येते, हेही तिथं लिहिलं आहे. खसाखसा मात्र घासू नका, जीभ म्हणजे काही तवा नव्हे!

चौथा उपाय, खाल्ल्यावर खळखळून चूळ भरा. जेवणानंतर चिमूटभर साधी बडीशेप चावली तर लाळ सुटते. ती रंगीत, साखर लावलेली बडीशेप नको. गोळ्या-चॉकलेटांनीही वास झाकला जातो, पण जंतूंना साखरेची मेजवानी मिळते आणि दात किडतात.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

हे सगळं दोन-तीन आठवडे नीट करूनही वास गेला नाही, हिरड्यांतून रक्त येत असेल, दात किडला किंवा दुखत असेल, तर दातांच्या डॉक्टरांकडे जा. नाक कायम चोंदलेलं असेल, रोज घोरत असाल किंवा टॉन्सिल्स सुजत असतील, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. घरातल्या लहान भावंडाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर त्यानं मणी किंवा चिंचोका आत घातलेला असू शकतो. तो घरी काढायला जाऊ नका.

आणि एक गोष्ट अगदी नीट लक्षात ठेवा. खूप तहान लागते, लघवीला सारखं जावं लागतं, खाऊनही वजन उतरतंय, अशी लक्षणं लहान मुलांमधल्या मधुमेहाची असू शकतात. ती दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. त्यात श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येत असेल, उलट्या होत असतील, तर एक तासही न थांबता दवाखाना गाठायचा.

पालकांसाठी दोन शब्द

मुलाच्या तोंडाला वास येत असेल तर पाहुण्यांसमोर बोलू नका. बाजूला घेऊन सांगा आणि सोबत उपायही सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळेत तपासणीला येतात, त्यांना दातांच्या तक्रारी जरूर दाखवा. डॉक्टरांनी दिलेल्या औषधानं तोंड कोरडं पडत असेल तर औषध मनानं बंद करू नका, त्यांनाच विचारा. आणि आपल्या कनवटीची डबी, खिशातली पुडी मुलं रोज बघत असतात, हे विसरू नका. सोडायची इच्छा असेल तर १८००-११२-३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

आणि आपल्या मुलीचं काय झालं? तिनं आजीचा हात धरून सांगितलं, "आजी, मला नको ती मशेरी. तूपण नको ना लावूस." आजी आधी रागावली, मग गप्प झाली. डबी काही एका दिवसात सुटली नाही. चार वेळाची तीन वेळा झाली, तीनाची दोन. दोघीजणी आता रात्री मोरीपाशी एकत्र दात घासतात. मैत्रिणीनंही चुकीची कबुली दिली. आता एखाद्याला असं काही सांगायचं असेल तर ती त्याला बाजूला नेऊन हळूच सांगते.

पुढच्या वक्तृत्व स्पर्धेत ती मुलगी उभी राहिली, तेव्हा तोंडचं पाणी पळालं होतंच. पण ते भीतीनं! तिनं शांतपणे पाण्याचे दोन घोट घेतले, तोंडावरचा हात काढला आणि बोलायला सुरुवात केली.