नवा माल उजेडात धरून बघावा

आमच्या घरी नवी वस्तू आली, की तिला आधी हळदकुंकू लागते आणि मग अण्णांचा हात. अण्णा म्हणजे माझे सासरे. सोलापूरच्या एका कापडगिरणीत, फोल्डिंग खात्यात, त्यांच्या आयुष्याची एकतीस वर्षे गेली. मागावरून उतरलेले कापड उजेडासमोर ताणून धरायचे आणि त्यातला तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग शोधून काढायचा, हे त्यांचे काम. निर्दोष माल एका ढिगात, 'सेकंड' दुसऱ्या ढिगात. गिरणी नव्वदच्या दशकात बंद पडली, पण अण्णांच्या बोटांची सवय काही गेली नाही. आजही बाजारातून आणलेली चादर ते दारात नेऊन बघतात आणि मगच घडी मोडायची परवानगी देतात.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे लॅपटॉप आला. मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला गेली होती. पहिले वर्ष तिने मैत्रिणीच्या यंत्रावर काढले. शाळेतल्या आम्हा शिक्षिकांची भिशी त्या महिन्यात मला लागली, त्यात थोडी भर घालून चौपन्न हजार रुपये उभे केले आणि १४ ऑगस्टला ओळखीच्या दुकानातून लॅपटॉप घेतला. ओळख साधीसुधी नव्हे. आमचा टीव्ही, फ्रिज, शिलाई मशीन सारे तिथलेच. दुकानदार माझ्या यजमानांचे शाळासोबती. त्यामुळे खोके तिथे उघडून बघावे, हे कुणाच्या मनातही आले नाही.

घरी आल्यावर पेढे वाटून झाले. मुलीने पडदा उघडला. अण्णा चष्मा सावरत जवळ आले आणि पांढऱ्या पडद्याकडे बघत म्हणाले, "ताण्याचा एक धागा तुटलाय बघ हितं."

आम्ही सारे हसलो. "अण्णा, ते कापड नाही की!" असे मुलगी म्हणाली. अण्णा गप्प बसले.

नवव्या दिवशी, २३ ऑगस्टला, पडद्यावर डावीकडे वरपासून खालपर्यंत एक हिरवट रेघ उभी राहिली. आता ती सगळ्यांना दिसत होती. मी दुकानाच्या व्हॉट्सॲपवर तिचा फोटो पाठवला आणि संध्याकाळी आम्ही दुकानात गेलो. चहा आला, घरची चौकशी झाली आणि मग दुकानदार म्हणाले, "वहिनी, सात दिवसांत आला असता तर लगेच बदलून दिला असता. आता कंपनीचं सर्व्हिस सेंटर. आमचं काम विकायचं."

तिथून आमचे फेरे सुरू झाले. पहिल्या वेळी बारा दिवस गेले आणि नवा पडदा बसला. गणपतीत यंत्र इतके तापू लागले, की मांडीवर ठेववत नसे. मध्येच आपोआप बंद पडायचे. सेंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, सोलापुरात लाइट कमी-जास्त होते, धूळ आहे, त्याला कंपनी काय करणार?" मी गणिताची शिक्षिका. बारीक अक्षरे वाचायची मला खोड. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले होते. म्हणजे आमच्या घरातली वीज थोडीफार वरखाली झाली, तरी ती सोसण्याची सोय त्यात मुळातच होती. ते दाखवल्यावर त्याने यंत्र ठेवून घेतले. यावेळी मदरबोर्ड बदलला आणि दुरुस्तीत आतली सारी माहिती पुसली गेली. मुलीचा सहामाहीचा प्रकल्प त्यातच होता आणि त्याची दुसरी प्रत तिने ठेवलेली नव्हती. चार रात्री जागून तिने तो पुन्हा लिहिला, तोही मैत्रिणीच्या यंत्रावर. त्या रात्री स्वयंपाकघरातून तिच्याकडे बघताना मला वाटले, चौपन्न हजार देऊन आपण पोरीला पुन्हा जिथल्या तिथेच आणून ठेवले.

दसऱ्याला शस्त्रांबरोबर लॅपटॉपचीही पूजा करायची म्हणून तो उघडला, तर चार कळा दाबल्या जात नव्हत्या. तिसरा बिघाड!

नवी वस्तू इतक्या लवकर का बिघडावी? याचे उत्तर शोधताना मला अण्णांच्या वाक्याचा अर्थ कळला. पडदा खरोखरच विणलेला असतो. उभ्या आणि आडव्या अतिसूक्ष्म तारांची ती जाळी. नेहमीच्या पडद्यावर १,९२० उभ्या आणि १,०८० आडव्या ओळी, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे तीन कण. उभ्या ओळीची तार कडेच्या पट्टीशी जिथे जोडलेली असते, तो सांधा सुटला, की अख्खी उभी रेघ बिघडते. विणकराच्या भाषेत, ताण्याचा धागा तुटला! अण्णांनी पाहिली ती त्याची पहिली फिकट खूण होती.

इतक्या लाखो कणांत एखादा मुका निघणारच, हे उद्योगजगताने कधीच मान्य केले आहे. २००१ च्या एका आंतरराष्ट्रीय मानकाने तर पडद्यांची प्रतवारीच ठरवली. सर्वांत वरच्या वर्गात एकही मेलेला ठिपका चालणार नाही. त्याखालच्या, पुष्कळ उत्पादकांनी स्वीकारलेल्या वर्गात दर दहा लाख ठिपक्यांमागे कायम पेटलेले दोन, कायम विझलेले दोन आणि अर्धवट बिघडलेले पाच चालतील. म्हणजे इथेही 'फर्स्ट' आणि 'सेकंड' आहेतच. फरक एवढाच, की आमच्या सोलापुरात सेकंडची चादर सेकंड म्हणून, कमी भावात, उघडपणे विकली जाते. लॅपटॉपच्या खोक्यावर आतला पडदा कोणत्या वर्गाचा, हे कुणी मोठ्या अक्षरांत छापत नाही.

दुसरी गोष्ट बिघाडांच्या वेळेची. अभियंते सांगतात, की यंत्रांच्या बिघाडाचा आलेख आंघोळीच्या टबासारखा असतो. सुरुवातीला उंच, मधली बरीच वर्षे सपाट आणि म्हातारपणी पुन्हा उंच. सुरुवातीचे बिघाड म्हणजे कच्चा सांधा, सदोष सुटा भाग, जुळणीतली चूक. कारखान्यात यंत्र काही काळ तापवून, चालवून हे दोष बाहेर काढायचे असतात. ते काम जेवढे आखडते घ्यावे, तेवढी ती तपासणी गिऱ्हाइकाच्या घरी होते, त्याच्याच पैशाने. शिवाय अनेक हमीपत्रांत बारीक अक्षरांत लिहिलेले असते, की बदलून दिलेला भाग नवा किंवा नव्यासारखा केलेला असू शकेल. हे आम्ही तिसऱ्या फेरीनंतर वाचले!

मोठमोठ्यांच्याही हातून चुका होतात. १९९४ साली अमेरिकेत व्हर्जिनियातील लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली मूळ संख्यांच्या जोड्यांवर काम करीत होते. संगणकाची उत्तरे जुळेनात. दोष स्वतःच्या गणितात नसल्याची खात्री करून घेतल्यावर त्यांनी जगाला कळवले, की इंटेलच्या नव्या पेंटियम चिपला काही भागाकार नीट येत नाहीत. कंपनीचे पहिले म्हणणे असे, की साध्या ग्राहकाला याचा त्रास होणार नाही. ज्याला गरज असेल त्याने ती पटवून द्यावी, मग चिप बदलून मिळेल. लोक खवळले. अखेर त्या वर्षीच्या डिसेंबरात मागेल त्याला चिप बदलून देण्याचे जाहीर झाले आणि त्यापायी कंपनीला साडेसत्तेचाळीस कोटी डॉलरचा फटका सोसावा लागला. गणिताच्या एका मास्तराने चिकाटीने ताळा करून पाहिला, त्याचा हा परिणाम. ही हकीकत वाचून मलाही हुरूप आला.

पण खरी अडचण कायद्याची नव्हतीच, ती मैत्रीची होती. तक्रार करायची म्हटल्यावर यजमान म्हणाले, "अगं, त्याचं तोंड रोज बघायचंय. चौपन्न हजारांसाठी चाळीस वर्षांची दोस्ती मोडायची?" घरात दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी अण्णांनी गिरणीतली एक गोष्ट सांगितली. दिवाळीच्या तोंडावर माल कमी पडत होता, तेव्हा डागी चादरी चांगल्या गाठींत मधोमध सरकवा असे त्यांना वरून सांगण्यात आले. अण्णांनी नकार दिला. आठ दिवस त्यांना खात्याबाहेर बसवले. "डाग दाखवला म्हणून दोस्ती तुटत नाही रे," ते मुलाला म्हणाले, "डाग झाकला की तुटते."

मग मी वही काढली. कोणत्या तारखेला काय बिघडले, कुणाला सांगितले, सेंटरने कोणता कागद दिला, यंत्र किती दिवस तिथे राहिले, सारे ओळीने मांडले. तीन महिन्यांच्या आत तीन बिघाड निघाले. ग्राहक चळवळीत काम केलेल्या एका निवृत्त सहकाऱ्यांना ते दाखवले. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हापासूनचे ते कार्यकर्ते. त्यांनी पावती हातात घेऊन विचारले, "सात दिवसांची अट यावर कुठे आहे?"

कुठेच नव्हती. सात दिवस ही नुसती तोंडची बोली होती.

मग त्यांनी समजावून सांगितले. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार सदोष माल पावतीत दिलेल्या मुदतीत, आणि पावतीत मुदतच नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला व पैसे द्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालाला लावता येत नाही. आम्ही नवव्या दिवशीच पोचलो होतो आणि व्हॉट्सॲपवरचा फोटो तारखेसह साक्षीला होता.

पुढचेही सांगते, कारण ते वाचकांच्या उपयोगी पडेल. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते; कंपनीचे कार्यालय बंगळुरूला असो की दिल्लीला. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील हवाच असेही नाही. मुदत दोन वर्षांची. मालाची तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत आणि लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागू शकतो, हेही मनाशी धरावे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर तक्रार नोंदवता येते.

मी कंपनीला तारखांसह पत्र लिहिले. पंधरा दिवसांत यंत्र बदलून द्या अथवा पैसे परत करा, नाहीतर आयोगाकडे जाऊ. त्याची प्रत घेऊन यजमान स्वतः दुकानात गेले. दुकानदार बराच वेळ पत्र वाचत बसले. मग त्यांनी आपल्या लेटरहेडवर लिहून दिले, की ग्राहक नवव्या दिवशी दोष घेऊन आला होता. "मी त्याच दिवशी कंपनीशी भांडायला हवं होतं," एवढेच ते म्हणाले.

मदतवाहिनीकडे तक्रार नोंदवल्यावर कंपनीने चौथ्यांदा दुरुस्ती करून देण्याची तयारी दाखवली. मी नको म्हणाले. आणखी दोन पत्रे झाली. दिवाळी तशीच गेली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नवे, बंद खोके आले. आयोगाची पायरी चढावी लागली नाही. नुकसानभरपाई मात्र मिळाली नाही आणि मुलीच्या चार रात्रीही परत आल्या नाहीत. तरी एक गोष्ट ती शिकली. आता तिच्या कामाची एक प्रत नेहमी दुसऱ्या जागी असते.

यावेळी खोके दुकानातच उघडले. मुलीने पडदा एकामागून एक पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा करून पाहिला. प्रत्येक कळ दाबली. बिजागरी चार वेळा उघडली-मिटली, कॅमेरा, आवाज, चार्जर तपासला. खोक्यावरचा आणि यंत्रावरचा क्रमांक ताडून पाहिला. पावतीवर बदलून देण्याची मुदत लिहून घेतली. सारे मिळून वीस मिनिटे लागली. दुकानदारांनी तिला बसायला स्टूल दिले. आता ते प्रत्येक गिऱ्हाइकाला घरी जाण्याआधी तेच करायला सांगतात. आमचे येणेजाणे पूर्वीसारखे आहे.

तपासणी चालली होती तेव्हा अण्णा बाकावर बसून बघत होते. शेवटी त्यांनी लॅपटॉप मागून घेतला, दुकानाच्या दारात नेला आणि भर उन्हात तिरपा करून पाहिला. ऊन पडल्यावर त्यांना पडद्यावर काय दिसणार होते कोण जाणे! पण यावेळी कुणी हसले नाही. आम्ही सारे उभे राहून त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"फर्स्ट आहे," अण्णा म्हणाले. मग आम्ही घरी निघालो.