त्या टेबलावर तुमची खुर्ची कुठली?

'अमेरिकन ब्युटी' आला १९९९ मध्ये. पाहणारे त्यावरून अजून भांडतात. कुणाला तो आपलीच गोष्ट वाटतो, कुणाला भरल्या पोटाची रडगाणी. पण हे भांडण नक्की सिनेमावरून चाललंय की आपापल्या घरावरून?

जेवणाचं टेबल. मेणबत्त्या लावल्यात. मधोमध लालभडक गुलाब. मागे मंद संगीत चालू. एका टोकाला नवरा, दुसऱ्या टोकाला बायको, मध्ये शाळेत जाणारी मुलगी. ताटं भरलेली आहेत आणि बोलायला कुणाकडे काही नाहीये.

मुलगी कुरकुरते, रोज हेच रटाळ संगीत का? आई टोमणा मारते. बाप विचारतो, शाळा कशी झाली? मुलगी एका शब्दात उत्तर देते. बाप चिडतो. मग मुलगी ऐकवते, की इतके महिने तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत, आज तुमचा दिवस वाईट गेला म्हणून लगेच दोस्ती कशी होईल?

बघा, ओळखीचं वाटतंय का काही?

हे बर्नहॅम कुटुंब. लेस्टर, कॅरोलिन आणि त्यांची मुलगी जेन. दिग्दर्शक सॅम मेंडिस ब्रिटिश, रंगभूमीवरून आलेला, आणि हा त्याचा पहिलाच सिनेमा. लेखक ॲलन बॉल, तो टीव्हीवरच्या विनोदी मालिका लिहून कंटाळलेला. दोघांनी मिळून जे केलं त्याला २००० साली पाच ऑस्कर मिळाली. त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटही आला.

त्या टेबलाच्या तीन बाजूंना तीन माणसं आहेत. चौथी बाजू रिकामी आहे. कॅमेरा तिकडूनच हळूहळू पुढे सरकतो. म्हणजे ती जागा आपली. तिथे बसून आपण ठरवतो की चूक कुणाची. आणि या सिनेमाबद्दलची बहुतेक मतं तिथूनच निघतात.

आधी हे उपनगर समजून घेऊ

उपनगर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बोरिवली येते, डोंबिवली येते. फलाटावरची गर्दी, तीन मजले चढून घर, शेजारच्या स्वयंपाकघरातली फोडणी. अमेरिकेतलं उपनगर हे नव्हे. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना घरं हवी होती. सरकारने कर्जाला हमी दिली, गाड्या वाढल्या, हमरस्ते वाढले. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाऊन नावाची वसाहत उभी राहू लागली. एकसारखी हजारो घरं, कारखान्यातून माल बाहेर पडावा तशी. पुढे हिरवळ, मागे अंगण, दारात गाडी. कृष्णवर्णीयांना मात्र तिथे घर मिळत नसे, तसा नियमच होता.

एवढं मिळालं की माणूस सुखी, असं तिथे जणू ठरूनच गेलं. मग ज्याला सगळं मिळूनही सुख लागत नाही त्याने काय करायचं? हॉलिवूडने हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारलाय. १९८० चा 'ऑर्डिनरी पीपल', १९९७ चा 'द आइस स्टॉर्म', आणि खुद्द मेंडिसचाच २००८ मधला 'रेव्होल्यूशनरी रोड'.

यावर एक मत हमखास ऐकू येतं. 'यांना सुख टोचतंय!' घर आहे, गाडी आहे, पगार आहे, रडता कशाला? मत अगदीच चुकीचं नाही. पण ज्याच्याकडे काही नाही तो निदान म्हणू शकतो की अमुक मिळालं की बरं वाटेल. बर्नहॅमांकडे 'अमुक' उरलेलंच नाही. भीती वाटते ती त्याची.

खुर्ची पहिली : लेस्टर

मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. हॉस्टेलची खोली, एकच लॅपटॉप आणि त्याच्यासमोर आम्ही सहा जण. त्या रात्री आम्ही सगळेच्या सगळे लेस्टरच्या पार्टीत!

का नसणार? बेचाळीस वर्षांचा माणूस. एका मासिकाच्या कचेरीत चौदा वर्षं घासलेली. आता साहेब त्यालाच विचारतो, तुझी इथे गरज काय ते लिहून दे. लेस्टर उलट त्यालाच धमकावतो, वर्षभराचा पगार पदरात पाडून घेतो आणि हसत बाहेर पडतो. बर्गरच्या दुकानात कामाला लागतो, कारण त्याला कमीत कमी जबाबदारी हवी असते. १९७० ची लाल फायरबर्ड गाडी घेतो. आम्ही शिट्ट्या मारल्या होत्या.

त्याच वर्षी 'फाइट क्लब' आला, 'ऑफिस स्पेस' आला, 'द मॅट्रिक्स'ही आला. चारही सिनेमांत ऑफिसच्या खुर्चीत घुसमटलेला पुरुष आहे. तेव्हाच्या प्रेक्षकांना लेस्टर हिरो वाटला त्यात नवल नाही.

पण अलीकडे पाहणारे वेगळा प्रश्न विचारतात, आणि तो टाळता येत नाही. लेस्टर जागा होतो तो कशामुळे? मुलीच्या शाळकरी मैत्रिणीवर नजर जाते म्हणून. ॲन्जेला तिचं नाव. गुलाबाच्या पाकळ्यांची ती गाजलेली स्वप्नदृश्यं म्हणजे बेचाळीस वर्षांच्या बापाच्या डोक्यातलं चित्र आहे. आज ते पाहताना अनेकांच्या अंगावर शहारा येतो. त्यात २०१७ मध्ये लेस्टरचं काम करणाऱ्या केविन स्पेसीवर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले. पुढे २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या दिवाणी खटल्यात ज्युरीने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि २०२३ मध्ये लंडनच्या ज्युरीने त्याला निर्दोष ठरवलं. तरीही पुष्कळ प्रेक्षकांना लेस्टरकडे आता पूर्वीसारखं बघता येत नाही.

सिनेमा लेस्टरला माफ करतो का? मला वाटतं, त्याला शेवटी शुद्धीवर आणतो. ॲन्जेला वरवर दाखवते तितकी अनुभवी नाही, घाबरलेलं पोर आहे, हे कळल्यावर तो थांबतो. तिच्या अंगावर पांघरूण घालतो. तिला खायला देतो. बाप असल्याचं त्याला आठवतं, पण फार उशिरा.

खुर्ची दुसरी : कॅरोलिन

दुसऱ्यांदा सिनेमा पाहिला तो नोकरी लागल्यावर. घराचा हप्ता सुरू झाला होता. आणि काय सांगू, कॅरोलिन आधी कधी दिसलीच नव्हती!

ती घरं विकते. एका दृश्यात ती विकायचं घर स्वतःच घासूनपुसून लख्ख करते आणि स्वतःला बजावत राहते, की आज हे घर विकायचंच. गिऱ्हाइकं येतात, नाकं मुरडतात, जातात. शेवटी ती पडदे ओढते आणि रडायला लागते. मग स्वतःच्याच थोबाडीत मारते. रडायचं नाही म्हणून. डोळे पुसते आणि ताठ मानेने बाहेर पडते. ॲनेट बेनिंगने हे असं केलंय की बघवत नाही. ऑस्कर मात्र लेस्टरला मिळालं, तिला नाही.

एकोणिसाव्या वर्षी आम्ही या दृश्याला हसलो होतो.

नवऱ्याने नोकरी सोडली तेव्हा त्याने तिला विचारलं नव्हतं. घरची गाडी देऊन ती लाल गाडी आणली, तेव्हाही नाही. आता घर चालवायचं ते तिच्या एकटीच्या कमाईवर. जेवणाच्या टेबलावर ती हे बोलून दाखवते, तर नवरा भाजीची बशी भिंतीवर फेकतो. त्यावरही आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. तिचंही बाहेर प्रकरण चालू असतं हे खरं. पण गंमत बघा, तिच्या प्रकरणावर प्रेक्षक नाराज होतात आणि लेस्टरच्या उधळण्याला 'स्वातंत्र्य' म्हणतात.

सिनेमाही तिच्याशी फार न्यायाने वागत नाही, हा आक्षेप मला पटतो. तिच्या वाट्याला कजाग बायकोचं सोंग जास्त आलंय. तरी एक वाक्य लेखकाने तिला दिलंय. मुलीवर चिडून ती म्हणते, मी तुझ्याएवढी होते तेव्हा आमचं स्वतःचं घरसुद्धा नव्हतं. हे ऐकलं आणि तिचा महागडा सोफा कळला, कापलेले गुलाब कळले. गरिबीतून वर आलेल्या माणसाची वस्तूंना घट्ट धरून बसायची सवय कळली. आपल्याकडे शोकेसमधली काचेची भांडी पाहुण्यांसाठीच राखून ठेवणारी आई असते ना, तीच ही.

त्या सोफ्यावरचं दृश्य आठवून बघा. नवरा-बायको किती दिवसांनी जवळ आलेत. तो तिच्या तरुणपणीच्या खोड्या काढतोय, तीही विरघळतेय. आणि तिला दिसतं, त्याच्या हातातली बिअर सोफ्यावर सांडणार! संपलं. तो ओरडतो, अगं हा नुसता सोफा आहे. बरोबरच आहे त्याचं. पण तिला तो 'नुसता' का वाटत नाही, हे त्याने कधी विचारलंय?

खुर्ची तिसरी : जेन

सगळ्यात कमी चर्चा होते ती जेनची. खरं तर तुमच्यापैकी अनेक जण याच खुर्चीत आहेत. आई-वडिलांच्या भांडणात मधली जागा. ती स्वतःच्या शरीरावर नाखूश आहे, शस्त्रक्रियेसाठी पैसे साठवतेय, आणि घरात कुणाला पत्ता नाही. तिला बघणारा एकच जण आहे. शेजारचा रिकी, हातात सतत व्हिडिओ कॅमेरा.

या रिकीवरूनही दोन तट आहेत. वाऱ्यावर भिरभिरणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीचं त्याने केलेलं चित्रण कुणाला आयुष्यभर पुरतं, तर कुणी म्हणतं, कचऱ्यात कसलं आलंय सौंदर्य! २००१ च्या 'नॉट अनदर टीन मूव्ही'ने त्याची यथेच्छ टिंगल केली. शिवाय न विचारता एखाद्या मुलीचं खिडकीतून चित्रण करणं याला आज आपण प्रेम म्हणणार नाही, आणि म्हणूही नये.

पण रिकीच्या घरात डोकावून या. बाप लष्करी शिस्तीचा, मारकुटा, मनात काहीतरी दडपून बसलेला. आई बार्बरा जवळजवळ मुकीच झालेली. जेन घरी येते तेव्हा ती पसाऱ्याबद्दल माफी मागते. खोलीत एक वस्तू इकडची तिकडे नसते! दोन सेकंदांचं दृश्य आहे, पण माझ्या मते सिनेमातली सगळ्यात भीतिदायक जागा तीच.

एक साधा प्रश्न

लेस्टर मरणार हे तो स्वतःच सुरुवातीला सांगून टाकतो. कुणाच्या हातून, ते मी सांगत नाही. मला बोलायचंय त्याच्या अगदी शेवटच्या काही मिनिटांबद्दल.

स्वयंपाकघरात लेस्टर ॲन्जेलाला विचारतो, जेन कशी आहे? खूश आहे ना ती? ॲन्जेला सांगते, प्रेमात पडलीय बहुतेक. त्याचा चेहरा उजळतो. मग ती सहज विचारते, आणि तुम्ही कसे आहात? लेस्टर चमकतो. हे आपल्याला कुणी विचारून किती दिवस झाले, हे त्याला आठवत नाही.

लक्षात आलं? मुलगी सुखात आहे का, हे बापाला मुलीच्या मैत्रिणीला विचारावं लागतं. बाप कसा आहे, हे घरातलं कुणीच विचारत नाही. परकं पोर विचारतं. आणि कॅरोलिनला? तिला तर सबंध सिनेमाभर कुणीच विचारत नाही. शेवटी ती कपाटातल्या लेस्टरच्या कपड्यांना मिठी मारून रडते. तोवर वेळ गेलेली असते.

म्हणून 'कोण बरोबर' या वादात मी आता पडत नाही. तिन्ही खुर्च्यांवरून पाहिलं तर तिघंही एकटी आहेत, आणि तिघांनाही वाटतंय की एकटे आपणच.

तो सिनेमा दुसऱ्यांदा पाहिला त्या रात्री मी घरी फोन केला. बाबांनी नेहमीचं विचारलं, 'जेवलास का?' मी नेहमीचं उत्तर दिलं, 'हो.' एरवी इथे फोन आईकडे जातो. त्या दिवशी मी म्हटलं, 'बाबा, तुम्ही कसे आहात?'

पलीकडे शांतता. मग घाबरा आवाज, 'का रे? काय झालं? पैसे हवेत का?'

मी हसलो. खरं तर रडूच आलं होतं. काही नाही हो, सहज विचारलं, असं म्हटल्यावर ते सुरू झाले. गुडघा दुखतोय. ऑफिसातला मित्र निवृत्त झाला, आता डबा एकट्यालाच खावा लागतो. संध्याकाळी करमत नाही. वीस मिनिटं बोलत होते. या सगळ्यातलं मला काहीही माहीत नव्हतं.

सिनेमा जमेल तेव्हा बघा. आवडेल, नाहीतर डोक्यात जाईल. प्रश्न मात्र आज रात्री जेवतानाच विचारून बघा. आधी 'पैसे हवेत का?' असंच येईल, त्याला घाबरू नका.