पितळी पातेल्यातले दूध

यकृताच्या आजाराची कारणे विचारली की दारू, काविळीचे विषाणू आणि हल्ली साठणारी चरबी, एवढी यादी कोणीही सांगेल. यादी खरी आहे, तिच्यावर लिहिलेही पुष्कळ जाते. पण महाराष्ट्रातल्या संशोधकांनी ज्याचे कारण घराघरांतून हुडकून काढले, तो आजार या यादीत नसतो. दीड-दोन वर्षांचे मूल, फुगलेले पोट, बरगडीखाली हाताला लागणारे टणक, धारदार कडेचे यकृत, मग कावीळ, जलोदर आणि बहुधा काही महिन्यांत मृत्यू. वैद्यकात याला भारतीय बालयकृतकाठिण्य म्हणतात. १८८७ साली कलकत्त्याच्या सेन यांनी त्याचे वर्णन केले, आणि पुढे जवळजवळ शतकभर एकाच घरातली दोन-दोन, तीन-तीन मुले दगावत राहिली. माझे म्हणणे असे की या आजाराचे मुख्य कारण भांडे होते. घराण्याचा दोष असलाच तर त्याची जागा दुसरी.

पहिला धागा सूक्ष्मदर्शकाखाली मिळाला. १९७८ साली ऑर्सीन या रंगद्रव्याने रंगवलेल्या यकृताच्या तुकड्यांत गडद तपकिरी कण दिसले. ते तांब्याशी बांधलेल्या प्रथिनांचे होते. निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे तांबे साधारण ५० मायक्रोग्रॅमपर्यंत असते. या मुलांत ते शेकड्यांत, कधी हजारांत भरले. मग पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटनच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह अगदी घरगुती प्रश्न विचारले: बाळाला वरचे दूध केव्हापासून, आणि ते तापवले, साठवले कशात? १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आणि १९८७ च्या तुलनात्मक अभ्यासात उत्तर आले. आजारी मुलांना गाई-म्हशीचे दूध लवकर सुरू झाले होते, आणि ते तांब्या-पितळेच्या भांड्यांत ठेवलेले असण्याचे प्रमाण निरोगी मुलांपेक्षा बरेच जास्त होते. दुधातले केसीन तांबे घट्ट धरून ठेवते. कल्हई उडालेल्या पातेल्यातून ते दुधात उतरते, आणि तान्ह्या यकृताला ते पित्तावाटे पुरते बाहेर टाकता येत नाही. कल्हईवाल्याची फेरी ही भांड्यांच्या चकाकीपुरती बाब नव्हती, हे इथे कळते.

आक्षेप हलके नाहीत. यकृत बिघडले की पित्त अडते आणि तांबे आपोआप साठते, मग ते कारण कसे? पण पित्त अडण्याच्या इतर आजारांत एवढे तांबे सहसा साठत नाही, आणि तांबे बाहेर काढणारे पेनिसिलामिन वेळेत दिलेली काही मुले वाचली. परिणामावर औषध देऊन आजार असा मागे हटत नसतो. दुसरा आक्षेप असा की सुबत्ता आली म्हणून आजार गेला. मात्र हा दुष्काळी, उपाशी घरांचा आजार नव्हताच. ज्या मध्यमवर्गीय घरांत वरचे दूध परवडत होते तिथेच तो जास्त होता. शहाड-कल्याणपासून खेड्यापाड्यांपर्यंत स्वयंपाकघरात स्टील आले, दुधाचे पातेले बदलले, आणि आजार ओसरला. तांब्या-पितळेशी संबंध नसलेली काही मुलेही आजारी पडली, हे मात्र मान्य करावे लागते. त्या वाटेचे उत्तर वेगळे असेल.

आनुवंशिकतेचा आक्षेप सर्वांत वजनदार. त्याच भांड्यातले दूध पिऊन सगळी भावंडे आजारी का पडली नाहीत? ऑस्ट्रियाच्या टिरोल भागाने याचा उलगडा केला. तिथे १९०० ते १९७४ या काळात १३८ तान्ही मुले अशाच आजाराने गेली. तांब्याची भांडी गेली आणि आजारही गेला. घराण्यांच्या वंशावळींतून दोषी जनुकाचा माग दिसत होता, पण भांडे नसताना ते जनुक निरुपद्रवी ठरले. यकृतात तांबे साठवणाऱ्या आनुवंशिक विल्सनच्या आजाराचे जनुक तपासून तिथे वगळले गेले आहे. आपल्याकडच्या घराण्यांतही असा दोष होता का, हे ठरवायला रुग्ण हवेत, आणि नवे रुग्ण आता जवळजवळ मिळत नाहीत.