उमेद हरवते तेव्हा

३१ ऑगस्ट २०११ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन खुल्या टेनिस स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीचा सामना सुरू होण्यापूर्वीच व्हीनस विल्यम्सने माघार घेतली. विम्बल्डनचे एकेरीचे अजिंक्यपद पाच वेळा आणि अमेरिकन खुल्या स्पर्धेचे दोन वेळा पटकावलेली ही खेळाडू तेव्हा अवघी एकतीस वर्षांची होती. गेली काही वर्षे तिला सरावातच थकवा येई, धाप लागे, सांधे दुखत. मध्यंतरी व्यायामाने बळावणारा दमा असे निदान झाले, औषधे सुरू झाली, पण उपयोग झाला नाही. तिचे वय झाले, तिचे मन आता इतर व्यवसायांत रमते, असे तर्क बाहेर सुरूच होते. खरे कारण त्या दिवशी तिने स्वतः जाहीर केले. तिला ‘शोग्रेन सिंड्रोम’ हा आजार होता.

या विकारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथींवर हल्ला करते. प्रामुख्याने अश्रू आणि लाळ निर्माण करणाऱ्या ग्रंथी बाधित होतात. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, तोंड कोरडे पडते, भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही, सांधे दुखतात आणि विश्रांतीनेही न जाणारा थकवा येतो. रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक असते व निदान बहुधा चाळिशी-पन्नाशीनंतर होते. त्या वर्षअखेर व्हीनस जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरातही नव्हती. मात्र निदान झाल्यावर तिने उपचार घेतले, आहार बदलला, सराव आणि विश्रांती यांचा मेळ नव्याने बसवला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तिने बहिणीसह दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले आणि २०१७ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, विम्बल्डनच्या एकेरीची अंतिम फेरी गाठली. आजार समूळ गेलेला नव्हता, तरीही तो ओळखला गेल्यामुळे हे शक्य झाले.

उमेद मावळण्याचे कारण नेहमी शरीरातच सापडते असे नाही. मुंबईत जन्मलेली व हैदराबादेत वाढलेली सानिया मिर्झा हिला २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये मनगटाच्या दुखापतीमुळे पहिल्याच फेरीत सामना सोडावा लागला. त्यानंतरचे काही महिने आपण नैराश्यात होतो, असे तिने पुढे मोकळेपणाने सांगितले. त्याच सानियाने २०१५ मध्ये विम्बल्डनच्या महिला दुहेरीचे अजिंक्यपद मिळवले. दुखापत मनगटाला झाली आणि मन खचले. शरीर आणि मन यांच्यातील भिंत आपण समजतो तितकी जाड नसते.

वाचकहो, या दोघींच्या कहाण्या ज्येष्ठांच्या पाक्षिकात सांगण्याचे कारण आपल्या घरातच आहे. घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावी वैद्यकीय व्यवसाय करताना असे प्रसंग वरचेवर दिसतात. रोज पहाटे शेतावर चक्कर मारणारे आजोबा एकाएकी ओसरीवरून उठेनासे होतात. सायंकाळची सामुदायिक प्रार्थना कधीही न चुकवणारे गृहस्थ ‘आज नको’ म्हणू लागतात. उन्हाळ्यात शेवया-कुरड्यांचा घाट घालणाऱ्या आजी पाटावर बसून नुसत्या बघत राहतात. घरची मंडळी एकतर ‘आता वय झालं’ म्हणून सोडून देतात, नाहीतर ‘आळस करू नका’ म्हणून टोकतात. पहिल्यात उपचार राहून जातो आणि दुसऱ्यात माणूस दुखावतो.

वयाने चाल मंदावते, झोप कमी होते, हे खरे. पण वयाचा उतार वर्षांच्या हिशेबाने येतो. दोन-तीन महिन्यांत माणूस ओळखू न येण्याइतका बदलला, तर त्याला वार्धक्य न म्हणता लक्षण म्हणावे आणि कारण शोधावे. काही कारणे तर साध्या तपासणीत सापडणारी असतात.

थायरॉईड ग्रंथी मंदावली की सुस्ती येते, थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठ होते, बोलणेही संथ होते. रक्ताची एक चाचणी निदानाला पुरते आणि रोजची एक गोळी बहुधा माणसाला पूर्वपदावर आणते. रक्त कमी असेल तर चार पावलांत दम लागतो. मात्र वृद्धापकाळी रक्त कमी का झाले हे पाहिल्याशिवाय केवळ टॉनिक पाजत राहू नये. सांधेदुखीच्या गोळ्यांनी जठरात होणारा सूक्ष्म रक्तस्राव, मूळव्याध किंवा आतड्याचा कर्करोगही त्यामागे असू शकतो. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव शाकाहारी व्यक्तींत, तसेच मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत आढळते. पायांना मुंग्या, तोल जाणे आणि विसराळूपणा ही तिची चिन्हे आहेत.

मधुमेही व्यक्तीला हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. केवळ थकवा आणि धाप एवढेच दिसते. कंपवातात हात थरथरण्यापूर्वीच हालचाली मंदावतात, अक्षर बारीक होते, आवाज क्षीण होतो, चेहऱ्यावरचे भाव पुसट होतात आणि काही करावेसे वाटत नाही. ऐकू कमी येऊ लागलेला माणूस पारावरच्या गप्पा टाळतो, कारण प्रत्येक वाक्य पुन्हा विचारण्याची त्याला लाज वाटते. झोपेच्या, सर्दीच्या किंवा रक्तदाबाच्या काही औषधांनीही ग्लानी येते. परंतु कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांना विचारून बदल करावा.

आणि नैराश्य. वृद्धांचे नैराश्य फारसे रडत नाही. ते अंगदुखी, भूक मंदावणे, पहाटे तीनला जाग येणे, ‘पोटात कसंतरी होतं’ अशा तक्रारींच्या आडून बोलते. जोडीदाराचा मृत्यू, मुलांचे दूर जाणे, कापसाचे हातचे गेलेले पीक अशा दुःखाचा सल काही काळ राहतोच. परंतु आठवडे उलटूनही रस परतत नसेल, तर तो उपचारयोग्य आजार समजावा. ‘आता जगून काय करायचं’ हे वाक्य घरात कोणी उच्चारले, तर ते म्हातारपणाची कुरकुर म्हणून झटकू नये. यवतमाळ जिल्ह्याला याची किंमत ठाऊक आहे. अशा व्यक्तीला एकटे ठेवू नये, कीटकनाशके कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून तेथे कोणत्याही वेळी बोलता येते.

बदल महिन्यांत न होता एक-दोन दिवसांत झाला, माणूस असंबद्ध बोलू लागला, सतत गुंगीत राहू लागला किंवा एक बाजू लुळी पडली, तर थांबू नये. ताबडतोब रुग्णालय गाठावे. वृद्धांत जंतुसंसर्ग ताप न येताही होतो. रक्तातील साखर वा सोडियम घसरल्यानेही असे घडते. काही आठवड्यांपूर्वी पडून डोक्याला मार लागला असेल, तर तेही आवर्जून सांगावे.

शुश्रूषा करणाऱ्यांनी डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी एका कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात. बदल केव्हापासून जाणवला? सर्वांत आधी काय सुटले: चालणे, जेवण, वाचन की माणसांत मिसळणे? वजन, झोप आणि शौच यांत काय फरक पडला? आणि सध्या कोणती औषधे सुरू आहेत? औषधांची पिशवीच सोबत न्यावी. त्यात दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या आणि काढ्यांच्या बाटल्याही असाव्यात. रक्तपेशींची गणना, साखर, थायरॉईड, मूत्रपिंडाचे कार्य, सोडियम, ब-१२ आणि हृदयाचा आलेख एवढ्या प्राथमिक तपासण्यांतून बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. पुढील तपासणीची गरज भासल्यास यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्या हाताशी आहे.

निदान होईपर्यंत आणि झाल्यावरही घरच्यांच्या वागण्याला मोल असते. ‘उठा, फिरून या’ असे सांगण्यापेक्षा ‘बाबा, चला, मीही येतो’ म्हणून चपला पुढे ठेवाव्यात. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत, दुसऱ्या दिवशी कोपऱ्यापर्यंत. आजींना कुरड्यांची सगळी जबाबदारी न देता चीक शिजला की नाही एवढे विचारावे. त्यांच्या हातचे ज्ञान अजून हवे आहे, हे त्यांना कळू द्यावे. कर्तबगारीच्या काळाशी तुलना करून टोमणे मारू नयेत.

आणि ज्येष्ठ वाचकांनो, मुलांना त्रास नको म्हणून आपण पुष्कळ काही गिळता. व्हीनसनेही कित्येक वर्षे थकवा अंगावर काढला होता. मन लागत नाही, अंगात बळ नाही, हे सांगण्यात कमीपणा नाही. गुडघा दुखला की आपण जसे सांगता, तसेच हेही सांगा, आणि या आठवड्यातच सांगा.