के-मॅपमधल्या गोलामागचा प्रश्न

नांदेडजवळ विष्णुपुरीतली श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था असो की लातूरचं पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन, डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्याच्या वहीत के-मॅप, म्हणजे कार्नो मॅप, येतोच. शेजारशेजारचे १ शोधायचे, गोल करायचे, समीकरण लिहायचं. सरावानं हात बसतो, मार्कही मिळतात. पण प्रत्येक गोल एक प्रश्न विचारत असतो: काय बदललं तरी निकाल तोच राहतो? तो प्रश्न समजला तरच विषय कळला.

घरातल्या पाण्याच्या मोटरचंच उदाहरण घेऊ. तीन संकेत आहेत. ह म्हणजे हौदात पाणी आहे, ट म्हणजे वरची टाकी भरलेली नाही, ब म्हणजे बटण दाबलंय. होय असेल तर १, नाही तर ०. हौद कोरडा असताना मोटर चालली तर ती जळण्याची भीती. म्हणून ह हवाच. सोबत ट किंवा ब यांपैकी एक तरी हवा.

सगळ्या शक्यता मांडणाऱ्या ट्रुथ टेबलच्या आठ ओळींपैकी तीन ओळींत उत्तर १ येतं. त्या जशाच्या तशा जोडल्या तर तीन अँड, एक ऑर आणि दोन नॉट असे सहा गेट लागतात.

आता के-मॅप मांडू. वरचे ट-बचे रकाने ००, ०१, ११, १० या क्रमानं, म्हणजे शेजाऱ्यांमध्ये एकाच संकेताचा फरक. ह=१च्या ओळीत ०, १, १, १ येतात. पहिल्या जोडीत ट बदलतो, निकाल बदलत नाही. ट गळतो, ह·ब उरतं (· म्हणजे आणि, + म्हणजे किंवा). दुसऱ्या जोडीत ब गळतो, ह·ट उरतं. मधला १ दोन्ही गोलांत घेतलेला चालतो. दोन्हींतला ह बाहेर काढला की अखेर ह·(ट+ब): एक ऑर, एक अँड. सहा गेटचं काम दोन गेटमध्ये.

ही पद्धत टप्प्याटप्प्यानं घडली. जॉर्ज बूलनं १८५४च्या ग्रंथात तर्काचं बीजगणित मांडलं. क्लॉड शॅननच्या १९३७च्या प्रबंधानं ते स्विचच्या सर्किटना लावलं. एडवर्ड व्हीचच्या १९५२च्या तक्त्याला बेल लॅब्जच्या मॉरिस कार्नोनं १९५३मध्ये आजचं रूप दिलं. चारापेक्षा जास्त संकेत आले की हातानं करणं अवघड होत जातं. चिपमधले हजारो गेट सॉफ्टवेअरच सोपे करतं.

मग हातानं का शिकायचं? कारण टेबल माणूसच भरतो. आपल्या टेबलात टाकी भरलेली असतानाही बटण मोटर चालू ठेवतं आणि पाणी वाहून जातं. ज्या लातूरला २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं हे परवडणारं नाही. टेबलच्या त्या ओळीत (ह=१, ट=०, ब=१) १च्या जागी ० लिहा. एकच गोल उरतो, ह·ट. ब पार गळून पडतो. बटण नुसतं शोभेचं राहिलं, हे के-मॅपनं दाखवून दिलं.

बटण काढून टाकायचं की त्याला नवं काम द्यायचं, हे मात्र कोणतंही सॉफ्टवेअर ठरवत नाही. वर्गात गोल काढून झाले की हा प्रश्न विचारायलाच हवा.