गाण्याला टाळ हवा, टाळं कशाला?

मार्कर पेनने हायटेक कुलूप उघडतं, माहीत आहे का? २००२ मध्ये सोनीच्या ‘की-टू-ऑडिओ’ या कॉपी-प्रोटेक्शनचं तेच झालं. सीडीच्या बाहेरच्या कडेला फसवा डेटा भरलेला. कॉम्प्युटर आधी तोच वाचायचा आणि अडकून बसायचा. लोकांनी त्या कडेवर मार्करने रेघ ओढली. झालं! गाणी सुरू.

पुढचं कुलूप तर एका बोटाने उघडलं. २००३ च्या ‘मीडियामॅक्स’ सीडीतून पहारेकरी सॉफ्टवेअर आपोआप कॉम्प्युटरमध्ये शिरायचं. प्रिन्स्टनच्या ॲलेक्स हाल्डरमन या विद्यार्थ्याने उपाय सांगितला: सीडी घालताना शिफ्ट की दाबून धरा. ऑटोरन बंद, पहारेकरी गाढ झोपेत! मीडियामॅक्स बनवणाऱ्या कंपनीने १ कोटी डॉलरच्या दाव्याची धमकी दिली आणि लगेच मागेही घेतली.

आता खरा धमाका. ऑक्टोबर २००५. विंडोजचे जाणकार मार्क रुसिनोविच यांना स्वतःच्याच कॉम्प्युटरमध्ये लपलेल्या फाइल्स सापडल्या. हॅकर? छे! सोनी बीएमजीची रीतसर विकत घेतलेली सीडी! तिने गुपचूप रूटकिट, म्हणजे लपवाछपवी करणारं सॉफ्टवेअर, टाकलं होतं. ‘डॉलर-सिस-डॉलर’ अशी सुरुवात असलेलं काहीही ते विंडोजपासून लपवायचं. मग काय, व्हायरसवाल्यांनी आपल्या फाइल्सना तेच नाव दिलं. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये चीटिंग करणाऱ्यांनीही त्याच आडोशाला बस्तान मांडलं. ५२ अल्बम्समध्ये हे होतं! कंपनीने सीडी परत मागवल्या, पण रूटकिट काढायला दिलेल्या टूलनेही कॉम्प्युटरला नवं भगदाड पाडलं. पैसे मोजून गाणं घेणाऱ्याच्याच घरात अशी घुसखोरी? हे संतापजनकच.

बरं, नावात ‘शुअर’ असलं की खात्री मिळते का? मायक्रोसॉफ्टच्या कुलूपबंद गाण्यांवरचा शिक्का होता ‘प्लेज-फॉर-शुअर’. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच ‘झून’ प्लेअर काढला आणि त्यावर ही गाणी वाजेचनात!

त्याच कंपनीच्या एमएसएन म्युझिकने २००८ मध्ये ग्राहकांना कळवलं: ऑगस्टनंतर नव्या कॉम्प्युटरसाठी किल्ली मिळणार नाही. म्हणजे पीसी बदलला की विकत घेतलेलं कलेक्शन मुकं! लोक खवळले, तेव्हा कुठे २०११ अखेरपर्यंत मुदत वाढली.

अशी डिजिटल कुलपं, म्हणजेच डीआरएम, नकोत असं जाहीर म्हणणारा एक बडा दुकानदार कोण, ओळखा पाहू? ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज! फेब्रुवारी २००७ च्या पत्रात त्यांनी हिशेबच मांडला: २००६ मध्ये ऑनलाइन विकलेली कुलूपबंद गाणी २ अब्जांहून कमी, तर सीडीवर बिनकुलपाची गाणी २० अब्जांहून जास्त. पुढचा दरवाजा सताड उघडा आणि कडी खिडकीला! दोनच महिन्यांत ईएमआय ही रेकॉर्ड कंपनी कुलूप काढायला राजी झाली. जानेवारी २००९ मध्ये आयट्यून्सने सगळ्याच गाण्यांचं डीआरएम काढायचं जाहीर केलं.

कुलूप गेलं, पण नाव राहिलं! आयट्यून्सवरून घेतलेल्या बिनकुलपाच्या फाइलच्या पोटात खरेदीदाराचं नाव आणि ईमेल असतो. हा पर्याय मला पटतो. वाजवा कुठेही, फक्त वाटत सुटू नका.

कुलूप सोडाच, रेडिओहेड या बँडने तर ऑक्टोबर २००७ मध्ये ‘इन रेनबोज’ अल्बमच्या डाउनलोडची किंमतच रसिकांवर सोडली. शून्यही चालेल!

आणि आपल्याकडे? फ्लिपकार्टचं ‘फ्लाइट’ हे गाण्यांचं ऑनलाइन दुकान आठवतंय का? फेब्रुवारी २०१२ मध्ये सुरू, जून २०१३ मध्ये बंद. पण तिथली एमपी-थ्री गाणी डीआरएम-फ्री होती. तुमच्या जुन्या हार्ड डिस्कवर असतील, तर आजही बिनधास्त वाजतील!